डोळ्यांतले पाणी सवयीचे की भावाचे?

कीर्तनाला येणाऱ्या तरुण मुलांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. ही मुले महाविद्यालयात मानसशास्त्र शिकतात, परीक्षेसाठी पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचा प्रयोग पाठ करतात, आणि आषाढात घरच्यांबरोबर दिंडीत आली की त्यांना शंका येते. मृदंगावर थाप पडते, टाळ वाजू लागतात आणि आजीच्या डोळ्यांना धार लागते. अभंगाचे पहिले चरणही अजून उच्चारलेले नसते. मग हे पाणी भावाचे, की लहानपणापासून लागलेल्या सवयीचे? घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते आणि टाळ वाजला की आजीच्या डोळ्यांना, यात फरक तो काय?

हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून झिडकारणारे पुष्कळ भेटतात. मला तसे वाटत नाही. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उभे राहायचा अधिकार नाही, असेच आम्हाला शिकवलेले आहे. म्हणून आधी त्या कुत्र्याची हकीकत पुरी ऐकू. ती बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते.

इव्हान पाव्हलॉव्ह यांचा जन्म १८४९ सालचा, रशियातल्या रियाझान गावचा. वडील चर्चमधले धर्मोपदेशक. मुलानेही तीच वाट धरावी म्हणून त्याला धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत घातले होते. पण १८७० साली तो ती सोडून सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात विज्ञान शिकायला गेला. पुढे खाल्लेले अन्न पचते कसे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला, आणि त्यासाठीच १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मनाचा शोध घ्यायला हे गृहस्थ निघालेच नव्हते. ते पोटाकडे निघाले आणि वाटेत मन भेटले.

पचन पाहायचे तर लाळ मोजावी लागते. त्यांनी शस्त्रक्रिया करून कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी गालाबाहेर काढली, म्हणजे थेंब न् थेंब मोजता येई. भूतदया मानणाऱ्या वारकऱ्याला हे वाचून बरे वाटणार नाही. मलाही वाटत नाही. पण मोजले ते नेमके मोजले. तोंडात घास पडला की लाळ सुटते ही उपजत गोष्ट आहे, ती शिकवावी लागत नाही. अडचण अशी येऊ लागली की घास पडण्याआधीच लाळ सुटू लागली. रोज खाणे देणारा माणूस दिसला, त्याची पावले वाजली, की थेंब सुरू. दुसऱ्या कोणी ही कटकट समजून कुत्रे बदलले असते. पाव्हलॉव्ह यांनी त्या कटकटीलाच विषय केले आणि १९३६ साली देह ठेवीपर्यंत तो सोडला नाही.

घंटेची गोष्ट जगभर झाली, पण त्यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोमचा वापर बराच होता. गाण्या-वाजवण्याच्या तालमीत लय धरण्यासाठी टकटक ठोके देणारे जे यंत्र असते, ते. आधी ठोके, पाठोपाठ खाणे. असे पुष्कळदा झाले की पुढे नुसत्या ठोक्यांना लाळ सुटे. क्रम उलटा केला, आधी खाणे आणि मग ठोके, तर गाठ जवळजवळ बसतच नसे. आणि गाठ एकदा बसली की तिला धारही लावता येई. मिनिटाला शंभर ठोके पडले तर लाळ, शहाण्णव पडले तर नाही, इतका कुत्र्याचा कान तयार होई. आमच्या काही मृदंगाचार्यांच्या हे कानी गेले तर लय सोडणाऱ्या शिष्यांची धडगत नाही.

जुन्या पद्धतीने शिकलेल्याला यात अगदीच नवल वाटत नाही. तर्कसंग्रहात संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. त्यातला भावना नावाचा संस्कार अनुभवातून उत्पन्न होतो आणि स्मृतीचे कारण होतो. तो सदा जागा नसतो. त्याला जागे करणारे काही लागते, त्याला उद्बोधक म्हणतात. दोन गोष्टींचा संबंध मनात बसला की एक दिसताच दुसरी आठवते. हत्ती दिसला की माहूत आठवतो, हा शाळेतला दृष्टांत. म्हणून ‘हे सगळे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणत मिशीला पीळ भरावा, हे मात्र मला पटत नाही. नैयायिकांनी आठवणीचा विचार केला. आठवण येण्याची वाट न पाहता शरीर आपले काम करून मोकळे होते, हे थेंब मोजून दाखवले ते त्या रशियन माणसाने. ज्याचे त्याला द्यावे.

आता आजीच्या डोळ्यांकडे येऊ. त्या पाण्यात सवयीचा वाटा आहे का? आहे. नाही म्हणणे खोटे होईल, आणि निदान कीर्तनकाराने तरी ते म्हणू नये. अनेक वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहिलेल्याला हे कळायला पुस्तक लागत नाही. कोणत्या चालीला आवाज खाली घ्यायचा, टाळकऱ्यांना कुठे हात दाखवायचा, चढलेला मृदंग एकदम थांबला की मंडपात कशी शांतता पडते आणि त्या शांततेत हलकेच ‘विठ्ठल’ म्हटले की शेवटच्या रांगेपर्यंत पदर डोळ्यांकडे कसे जातात, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ज्या गावात ती चाल लहानपणापासून कानावर नाही, तिथे तीच शांतता नुसती शांतता राहते. माणसे तीच, अर्थ तोच, शब्दही तेच. गाठ मात्र बसलेली नसते.

पण सवयीने आले म्हणून खोटे आले, या अनुमानात व्याप्ती नाही. तान्हे मूल आईच्या बांगड्यांचा आवाज आला की रडायचे थांबते. तो आवाज आणि दूध, तो आवाज आणि कूस, अशी शेकडो वेळा गाठ पडल्यावर ते थांबायला शिकले. म्हणून त्या मुलाचे आईवरचे प्रेम नकली, असे कोणी म्हणेल काय? अहो, भाषा तरी आपण दुसऱ्या कशाने शिकलो? गाठ कशी बसली एवढ्यावरून ती कशाशी बसली याचा निकाल लागत नाही. एकाची टाळाशी विठ्ठलाची गाठ बसते, दुसऱ्याची त्याच टाळाशी पंगतीतल्या बुंदीची बसते. यंत्र एकच.

खरा प्रश्न दुसराच आहे. मुलांनी तो विचारला नाही, म्हणून मी विचारतो. लाळ सुटली हे कबूल. घास पोटात गेला का?

यासाठी पाव्हलॉव्ह यांचाच दुसरा एक प्रयोग सांगतो. तो घंटेच्या आधीचा, आणि माझ्या मते वारकऱ्याने घंटेपेक्षाही तो ध्यानात ठेवावा. त्यांनी कुत्र्याची अन्ननलिका गळ्यापाशी छेदून तिचे तोंड बाहेर काढले. कुत्रे आवडीने मांस खाई, चावे, गिळे, आणि गिळलेला घास गळ्यातून बाहेर पडे. पोटात कण जात नसे. तरी इकडे जठरात पाचक रस भरपूर सुटे. नुसत्या चवीने आणि खाण्याच्या इच्छेने. असे कुत्रे तासन्‌तास खात राही आणि उपाशीच असे. (तो रस गोळा करून अपचनाचे औषध म्हणून विकला जाई आणि प्रयोगशाळेला त्यातून पैसा मिळे. हा आपला जाता जाता.)

या प्रयोगाकडे दोन बाजूंनी पाहता येते, आणि दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात. एक बाजू अशी की लाळ आणि रस वाया नाहीत. घास येण्याआधी पोट तयार झाले तर अन्न अंगी लागते. भुकेशिवाय बळेच कोंबलेले तसे लागत नाही, हे पाव्हलॉव्ह यांनीच दाखवले. टाळ वाजताच ओले होणारे मन निरूपणाला तयार झालेले मन आहे. कोरड्या मनाने ऐकलेला सिद्धांत मंडपाबाहेर जाईपर्यंत टिकत नाही. म्हणून आजीच्या त्या पाण्याला हसू नये. तिच्या आईने तिला कडेवर घेऊन काकड्याला नेले, थंडीत पदराखाली धरून भजन ऐकवले, तेव्हा ती तयारी झाली. ती कमाई दोन पिढ्यांची आहे.

दुसरी बाजू अवघड आहे. घास गळ्यातून बाहेर पडत असताही चव येते, रस सुटतो, जेवल्याचा आनंदही होतो. कीर्तनात ढसढसा रडणारा आणि महिन्याभराने तलाठ्याकडे जाऊन विधवा भावजयीचे नाव सात-बारावरून कमी करता येते का, याची चौकशी करणारा माणूस मी पाहिला आहे. तो ढोंगी होता असे मला वाटत नाही. त्याचे रडणे खरे होते. तो पोटभर जेवला आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. लोक अशाला ढोंगी म्हणून मोकळे होतात, आणि त्यामुळे ज्याला आपले रडणे खरे आहे हे ठाऊक असते तो स्वतःकडे पाहायचे टाळतो. पाणी खरे की खोटे हे तपासण्यात अर्थ नाही. खरेच असते ते. भावजयीचे नाव सात-बारावर राहिले का, ते तपासावे.

इथून एक नाजूक विषय येतो. आपोआप जे उठते त्याला आपण जबाबदार किती?

पाव्हलॉव्ह यांनी गाठ बांधली तशी सोडवूनही पाहिली. ठोके द्यायचे, पण खाणे द्यायचे नाही. पुन्हा ठोके, पुन्हा काही नाही. थेंब कमी कमी होत शेवटी थांबतात. गाठ सुटली, असे वाटते. कुत्र्याला विश्रांती दिली आणि काही वेळाने पुन्हा ठोके दिले, की लाळ परत! कोणी काही न शिकवता. म्हणजे गाठ तुटली नव्हती, वरून झाकली गेली होती. पुढच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: एका जागी विझवलेली सवय, जनावराला जुन्या जागी नेले की पुन्हा पेटते. योगशास्त्रात क्लेशांच्या प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. प्रसुप्त म्हणजे निजलेला. निजलेला आणि मेलेला यांत भाष्यकारांनी काळजीपूर्वक फरक केला आहे. भाजलेल्या बीजाला अंकुर येत नाही, निजलेल्याला येतो.

हे नुसते पांडित्य नव्हे. आमच्या दिंडीत एक शेतकरी आहेत. पूर्वी फार पीत. माळ घातली, दारू सुटली, सहा वर्षे थेंब नाही. एकदा तालुक्याच्या बाजारात कांदा विकून पैसे मोजत होते. तेच पैसे, तीच संध्याकाळची वेळ, पलीकडे तेच देशी दारूचे दुकान. तोंडाला पाणी सुटले, हात कापू लागले, पाय तिकडे वळले. तिथे न जाता ते घरी आले, पण ही गोष्ट त्यांनी एकाला सांगितली आणि त्याने गावभर केली. ‘सहा वर्षे माळ घालून अजून तोंडाला पाणी सुटते, मग ती माळ कसली?’ असे बोलणारे निघाले. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘महाराज, माळ उतरवून ठेवू का?’

मी त्यांना म्हणालो, ‘माउली, तोंडाला पाणी सुटले ते तुम्ही केले नाही, ते झाले. घरी आलात ते तुम्ही केलेत.’ कर्म कशाला म्हणावे याचा शास्त्रात जो खल आहे, तो सगळा बाजूला ठेवला तरी एवढे धरून चालायला हरकत नाही की ज्याला कर्ता नाही त्याचे पाप कोणाच्या माथी मारता येत नाही. लाळ कर्म नव्हे. उलट ज्याच्या तोंडाला पाणीच सुटत नाही, तो दारूच्या दुकानावरून गेला यात त्याचे कौतुक काय?

पण तेवढे सांगून थांबलो असतो तर ते अपुरे झाले असते. उठणे हाती नसले तरी घंटेपाशी जाऊन उभे राहणे हाती असते. आता बाजाराला त्यांचा धाकटा भाऊ जातो, किंवा जावेच लागले तर दोघे मिळून जातात आणि दिवस मावळायच्या आत परततात. यात कमीपणा नाही. पाव्हलॉव्हचे कुत्रे दुसऱ्याने चौकटीत बांधलेले होते. ठोके कोणते, खाणे कधी, हे त्याच्या हाती नव्हते. माणसाला आपली चौकट थोडीफार निवडता येते. गळ्यात माळ घालणे, एकादशी धरणे, दरवर्षी त्याच तिथीला त्याच वाटेने त्याच माणसांबरोबर चालणे, हे दुसरे काय आहे? आपणच आपल्याला जाणूनबुजून बांधून घेणे आहे. पतंजलींनी अभ्यास दृढ व्हायला दीर्घ काळ, अखंडता आणि आदर अशा गोष्टी सांगितल्या. पहिल्या दोन कुत्र्यालाही लागू आहेत. तिसरी त्याच्याकडून कोणी मागितली नव्हती. त्या तरुण मुलांनी फरक विचारला होता, तो मला इथे दिसतो.

आपण स्वतःला बांधून घेतो ते एक. दुसऱ्याला बांधतो, विशेषतः लहान मुलाला, तेव्हा काळजी वाटावी अशी गोष्ट आहे.

१९२० साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्बर्ट म्हणून ओळखले गेलेले अकरा महिन्यांचे मूल. त्याला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. त्याने उंदराला हात लावला की पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. असे काही वेळा केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी मूल रडू लागले. मग ससा, कुत्रा आणि केसाळ कोट पाहूनही भिऊ लागले. ती भीती न काढताच मूल तिथून गेले. ते कधी जाणार हे प्रयोग करणाऱ्यांना आधीच ठाऊक होते. हे मला त्या हातोड्यापेक्षा वाईट वाटते. (वॉटसन पुढे विद्यापीठ सोडून जाहिरातींच्या धंद्यात गेले. तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या कानापाशी घंटा वाजत आहेत.)

आपण असे करणार नाही, असे वाटते ना? हरिपाठ पाठ झाला नाही म्हणून मुलाच्या तळहातावर छडी मारणारे शिकवणारे मी पाहिले आहेत. नाव घेत नाही. हेतू चांगला असतो. पण मूल काय शिकते? अभंग आणि छडी एकाच वेळी समोर येतात, आणि गाठ बसताना हेतू कोणी विचारत नाही. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. चांगले, दानशूर, दुसऱ्याच्या अडचणीला धावणारे. देवळात हरिपाठ सुरू झाला की त्यांचे तळहात अजून घामेजतात आणि ते उठून बाहेर जातात. गाव त्यांना नास्तिक म्हणते. त्यांच्या बुद्धीने कधीही देव नाकारलेला नाही. त्यांच्या हाताने नाकारला आहे, आणि तो हात दुसऱ्या कोणी तरी तसा केला आहे.

अशी गाठ बसलेल्याचे काय करावे? बळेच आणून बसवू नये, एवढे नक्की. याचे उत्तर १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी दिले, त्याची चर्चा अल्बर्टइतकी होत नाही. त्यांच्याकडे पीटर नावाचा तिसऱ्या वर्षातला मुलगा होता, सशाला भिणारा. न भिणारी मुले सशाशी खेळत असत तिथे त्याला नुसते जवळ ठेवायचे, असे आधी सुरू केले. आपल्या भाषेत संगत. सुधारणा झाली. मग मुलगा आजारी पडला, दोन महिने रुग्णालयात राहिला, आणि तिथून परतताना एक मोठे कुत्रे अंगावर आले. भीती पहिल्याइतकी झाली. झालेले सगळे पुसले गेले असेच कोणालाही वाटले असते.

जोन्सबाईंनी पुन्हा आरंभ केला. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचे खायला द्यायचे आणि तो खात असताना ससा पिंजऱ्यातून लांब आणून ठेवायचा. खाणे थांबणार नाही इतका लांब. दुसऱ्या वेळी किंचित जवळ. तो बिचकला की ससा मागे. कोणी त्याला भित्रा म्हटले नाही, कोणी सशापुढे ढकलले नाही. पुढे एक दिवस असा आला की ससा त्याची बोटे हळूच कुरतडत होता आणि पीटर ती कुरतडू देत होता.